अंगणातली भरती

११ एप्रिल १९८२, रविवार

आलो एकदाचे! टेम्पोने खाडीपूल ओलांडला तशी अरुणा खिडकीला नाक लावून बसली, ती करावे गाव येईपर्यंत हलली नाही. माझगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला एकदम एवढं आकाश दिसलं की चक्करच यायची. इथे दोन ऐसपैस खोल्या, वर माळा, पडवी, मागे मोरी आणि पुढे अंगण. अंगणात बदामाचं झाड, तुळस आणि एक पपई. वाशीच्या फ्लॅटचा ताबा मिळायला अजून वर्ष आहे, तोवर हेच घर. अरुणाच्या दम्याला मोकळी हवा हवी, असं डॉक्टर कधीचे सांगत होते.

घरमालक कमळाकर स्वतः सामान उतरवायला आला. चाळिशीचा, बोलका माणूस. पूर्वी मासेमारी करायचा, आता विटा-वाळूचे ट्रक चालवतो आणि रस्त्याकडेच्या नव्या सिमेंटच्या घरात राहतो. हे जुनं घर भाड्याने देतो. मागच्या खोलीत त्याची विधवा वहिनी, सगुणा, तेवढी राहते.

अंगणाच्या एका बाजूला नारळाच्या झापांखाली एक जुनी मासेमारीची होडी ओंडक्यांवर टेकवून ठेवली आहे. अरुणा हसून म्हणाली, बघा, तुमच्या आधी तुमचं काम येऊन बसलंय. मी म्हटलं, एकतीस वर्षं गोदीत जहाजांचे तळ रंगवले, आता तळ दिसला तरी तोंड फिरवणार.

१५ एप्रिल, गुरुवार

सुट्टीची सवय नाही. पाचला जाग येते आणि मग दिवसभर काय करायचं ते कळत नाही. काम नसलं की जुना थकवा वर येतो म्हणतात, तसंच झालंय. खांदे, गुडघे, सगळे आपापली थकबाकी मागताहेत. पण हवा छान आहे. अरुणा चार दिवसांत एकदाही रात्री उठून बसली नाही.

सगुणावहिनींनी वाटीभर सुक्या बोय माशांचं कालवण आणून दिलं. फार कमी बोलतात. होडीच्या बाजूने यायचं टाळून त्या घराला वळसा घालून आल्या, एवढं माझ्या लक्षात आलं.

१८ एप्रिल, रविवार

शेवटी तोंड फिरवता आलं नाहीच. आज झाप बाजूला केले. बावीस फुटी होडी, अस्सल सागवान. रंगाचे पापुद्रे सुटलेत, फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. पण बोटांनी टकटक करत पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत गेलो, लाकूड कुठेही पोकळ बोललं नाही. अशी होडी कुजू देणं पाप आहे.

कमळाकरला म्हटलं, सामान आणून दे, मी रंगवून देतो, मला तेवढाच विरंगुळा. तो खूश झाला. होडी त्याच्या थोरल्या भावाची, नामदेवची. तीन वर्षांपूर्वी तो वारला एवढंच म्हणाला. कसा, ते मी विचारलं नाही.

२६ एप्रिल, सोमवार

अक्षय्य तृतीया. मुहूर्त चांगला म्हणून आजच पटाशी लावली. जुन्या रंगाचे चार थर निघाले, निळा, हिरवा, पुन्हा निळा आणि तळाशी डांबर. दुपारपर्यंत पाठ मोडली, पण हाताला हात सापडल्यासारखं वाटलं. गोदीत दोनशे माणसांत मी एक. इथे एक होडी आणि मी.

संध्याकाळी सगुणावहिनी वळकटी आणि एक ट्रंक घेऊन निघाल्या. अरुणाने विचारलं तर म्हणाल्या, भावाकडे टेकडीवर जाते, काही दिवस. अंगणाकडे पाठ करूनच बोलत होत्या. अरुणाला वाटतं आमच्यामुळे त्यांची अडचण होते. मी कमळाकरला विचारलं तर तो म्हणाला, तिचं लक्ष ठिकाणावर नसतं, मनावर घेऊ नका.

३ मे, सोमवार

घासून, फटींत कापूस ठोकून, वरून राळ आणि तेल भरून झालं. आता ही होडी थेंबभर पाणी आत घेणार नाही. काम संपल्यावर तिच्याभोवती दोनदा फिरलो. अरुणाने चहा बाहेरच आणला.

संध्याकाळी एक गंमत दिसली. होडीच्या तळाला, ओंडक्यांच्या जरा वर, चार बोटं उंचीची ओली रेघ. जमिनीतली ओल वर चढली असेल. खाडी जवळच आहे.

५ मे, बुधवार

शेंदरी प्रायमर काल मारला. वरचा भाग सकाळपर्यंत खडखडीत वाळला. रेघेच्या खालचा मात्र हाताला लागतो. आणि रेघ वीतभर झाली आहे. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

कडेला दोन-तीन शिंपल्यांचे खडे चिकटलेले दिसले. मी सगळे काढले होते. एवढे ताजे की नखाने उचकटताना आत काहीतरी ओलं हललं.

७ मे, शुक्रवार

मी भुतंखेतं मानणारा माणूस नाही, म्हणून आज नीट मोजमाप केलं. होडीवर जी रेघ आहे तशीच रेघ घराच्या जोत्यावर आहे. तुळशीच्या कट्ट्यावर आहे. पपईच्या बुंध्यावर, पडवीच्या खांबावर, अरुणाच्या खुर्चीच्या पायांवर. पांढरी, मिठाची, सरळ. गवंडी वापरतात ती पाण्याची रबरी नळी कमळाकरच्या गोदामातून आणली आणि सगळ्या रेघा ताडून पाहिल्या. एका सुताचाही फरक नाही.

जमिनीची ओल कधी अशी चढत नाही. कुठे जास्त चढते, कुठे कमी. अशी एका पातळीत फक्त पाण्याची रेघ असते.

मोजताना साडेअकरा वाजले होते. अंगण कोरडं ठणठणीत, पायाखाली धूळ. तरी पाय उचलताना जड लागत होते, चिखलातून चालल्यासारखे. ऊन फार आहे.

८ मे, शनिवार

पौर्णिमा. बारा वाजता पडवीत बसलो होतो. बदामाचं एक वाळकं पान सुटलं. गरगरत खाली आलं आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर थांबलं. पडलं नाही. तिथेच हवेत आडवं राहिलं, हळूहळू डोललं आणि भिंतीच्या दिशेने सरकत गेलं. मग दुसरं. अडीच-तीन वाजेपर्यंत अंगणभर अशी सतरा पानं मी मोजली. पुढे ती सगळी एकदम, सावकाश, खाली खाली येत गेली आणि सूर्य कलल्यावर जमिनीवर टेकली.

गावातल्या माणसाला सहज विचारलं, आज भरती किती वाजता होती? म्हणाला, उधाणाची, साडेबाराला.

कमळाकरची कोंबडी कुंपणाशी मरून पडली होती. पिसं ओली. उचलली तर चोचीतून खारं पाणी आलं.

अरुणाला सांगितलं नाही. ती सकाळपासून झोपूनच आहे. म्हणते, काही दुखत नाही हो, नुसती दमलेय.

९ मे, रविवार

टेकडीवर जाऊन सगुणावहिनींना भेटलो. वर चढताना अर्ध्या वाटेवर अंग एकदम हलकं झालं. किती दिवसांनी पुरता श्वास घेतला.

त्या शांतपणे बोलल्या, जणू मी येणार हे त्यांना ठाऊकच होतं. नामदेव जाळं सोडवायला खाडीत उतरला तो वर आलाच नाही. शोधला, मिळाला नाही. होडी तिथेच नांगरावर एकटी फिरत होती. कमळाकरने ती ओढून घरी आणली. मी विचारलं, मग? तेव्हा जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो.

"पान्यानं मानूस ठेवून घेतला ना भाऊ, तर त्याची होरी बी पान्यालाच द्यावी. नायतर फोरून टाकावी. दीरानं दोनी नाय केला. पन तिला फटी व्हत्या, ती तरंगनार नव्हती, म्हनून पानी गप व्हता. तुमी फटी बुजवल्या. आता पानी तिला न्यायाला येतंय."

मी म्हटलं, काय करू? त्या म्हणाल्या, "फोरा तिला. उधान उतरलाय तवर फोरा."

११ मे, मंगळवार

पटाशी आणि घण घेऊन दोनदा होडीपाशी गेलो. सांधे असे बसलेत की बोटाला कळत नाहीत. गोदीत असं काम कधी जमलं नव्हतं. तिथे मुकादम पाठीशी उभा असायचा. उद्या बघू.

रेघ आज कालच्यापेक्षा खाली.

१५ मे, शनिवार

काही नाही! चार दिवस रेघ उतरत गेली आणि आज अंगणात कुठेही नाही. पानं पडतात ती सरळ जमिनीवर पडतात. अरुणा उठली, तिने पुरणपोळ्या केल्या, कमळाकरला जेवायला बोलावलं. मी त्याला सगुणावहिनींचं बोलणं सांगितलं तेव्हा त्याने ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, दु:खात माणूस काहीही बोलतं. मग आपणच म्हणाला की त्या दिवशी अंधार होत आला होता, आणखी शोधून काही उपयोग नव्हता. मी तर त्याला शोधण्याबद्दल काही विचारलंच नव्हतं.

उन्हाने डोकं फिरलं असणार माझं. वयही झालंय. एका बाईच्या बोलण्यावरून अख्खी होडी फोडायला निघालो होतो.

दुपारी निळ्या रंगाचा पहिला हात मारला. आरशासारखा बसला.

१९ मे, बुधवार

दुसरा हातही झाला. नाळेवर दोन्ही बाजूंनी डोळे काढले, पांढरे, काळ्या कडेचे. कमळाकर पाहून गेला. वाहवा केली. त्याला कामासाठी पेणला जायचंय, रविवारी परत येईल.

काम संपलं की बरं वाटतं. मला नाही वाटलं. इतका दमलोय की ब्रश धुवायला वाकलो तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

रेघ परत आली आहे. घोट्यापर्यंत.

२० मे, गुरुवार

मांडीपर्यंत. एका दिवसात.

खाट विटांवर चढवली. अरुणाने विचारलं कशाला, मी म्हटलं मुंग्या झाल्यात. तिच्या पोटऱ्यांवर मिठाची पांढरी रेघ आहे, तिने पुसली नव्हती. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे हो. दुपारी मी इथे बसते ना, तेव्हा माझा पदर तरंगतो."

बारा दिवस एकमेकांपासून लपवत होतो.

रात्रीही भरती येत असणार. आम्ही ती झोपेत काढत असणार.

२१ मे, शुक्रवार

घण घेतला. पावणेअकरा वाजले होते, थांबायला हवं होतं, ओहोटीची वाट बघायला हवी होती. पण धीर आज होता, उद्याचा भरवसा नव्हता.

कमरेच्या वर हात मोकळे चालतात. कमरेखाली – घण उचलला, हाणला, आणि तो खाली जाता जाता सावकाश होत गेला. तळाला टेकला तेव्हा चरासुद्धा पडला नाही. पाण्यात मारल्यासारखा. पुन्हा. पुन्हा. किती वेळ ते आठवत नाही. अरुणाने पडवीतून हाक मारली ती फार लांबून आली.

संध्याकाळी ओसरलं तेव्हा हात वर होत नव्हते. घण तिथेच पडला आहे.

उद्या निघायचं. मुलीकडे, सुचित्राकडे, नाशिकला. तिला तार नंतर करू. नुसतं बसस्टॉपपर्यंत पोचलं पाहिजे.

२२ मे, शनिवार

छातीपर्यंत. सकाळी साडेअकराला. आम्ही माळ्यावर.

अरुणा खोकते, ओंजळीत पाणी येतं. खारं. ती लुगड्याला पुसते आणि म्हणते, एवढंसंच आहे.

ठरवलं – पाचला उतरेल, तेव्हा निघायचं. पिशवी भरली.

पाच वाजता उतरलं. खाली आलो. दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन, गल्लीतून बायका हसत चाललेल्या. मी अरुणाला म्हटलं, चल. ती म्हणाली पडवीत पाच मिनिटं टेकते. मीही टेकलो. पाचच मिनिटं. एवढं थकलेलं माणूस असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं – एकतीस वर्षांत इतका –

२३ मे, रविवार. अमावस्या

जाग आली तेव्हा दहा वाजून गेलेले. काल संध्याकाळी टेकलो तिथेच. पिशवी हाताशी. पिशवी तरंगत होती.

कमरेइतकं झालं होतं. फाटकाशी पोचता आलं नाही. तीन पावलं. अरुणाला धरून तीन पावलं, आणि परत.

होडी जवळ होती.

तिला आत घातलं. मी चढलो. वर, काठाच्या वर – श्वास! अरुणा छाती भरून श्वास घेते आहे. मला म्हणाली, किती छान केलीत हो आतून सुद्धा. तिच्या तोंडावर रंग आला आहे. मी उगाच घाबरलो. फोडली नाही ते बरं झालं. आता भरती उतरेपर्यंत इथेच बसायचं, मग –

साडेअकरा. होडी हलली. ओंडक्यांवरून सुटली. आवाज नाही. मी खाली पाहिलं, ओंडके तिथेच आहेत, आम्ही वर. दोन हात. तीन हात. पडवीचं छप्पर डोळ्यांसमोर आलं, कौलांवर एक चिमणी मरून पडली आहे.

बदामाचा शेंडा हाताला लागला. धरला. राहिला नाही.

कुंपणावरून जातो आहोत. खाडीकडे. काठाची तिवरांची झाडं दिसतात.

कमळाकर. खाली, फाटकात. पेणहून आलेला, हातात पिशवी. वर बघतो आहे. तोंड हलतंय, ऐकू येत नाही. केस उभे, हलताहेत. तो बोट दाखवतो आहे. आमच्याकडे नाही. आमच्या खाली. तळाकडे.

सारखा तळाकडे –

ओंडके. ओंडक्यांखालची जागा. तळ टेकलेला असतो तिथे काहीच लागत नाही, ना राळ, ना रंग. ओंडके सरकवून ती जागा मागाहून करायची असते. गोदीत नव्या पोराला सुद्धा पहिल्या दिवशी हे शिकवतात. मी सरकवले नाहीत. दमलो होतो. उद्या करू म्हटलं.

कमळाकर खाली बसला. सावकाश. आता आडवा झालाय.

अरुणाच्या लुगड्यावर रेघ. घोट्याशी.

रंगाच्या डब्याने उपसतो आहे. डब्यात काही दिसत नाही. पण जड आहे. ओततो, हलका होतो. बुडवतो, जड. जड.

गुडघा.

बारा वाजले. खाडी आली. खालचं खरं पाणी दिसतंय, लांब, चकाकतंय. आम्ही त्याच्या खूप वर –

अरुणा म्हणते, जरा पडूया का. म्हणते, फार थकलो हो आपण दोघं. मी उठ म्हणतो. पडू नकोस, उठून बस. ती हसते. डोकं टेकलं तिने. तिचा अंबाडा सुटला, केस वर –

डबा उचलवत नाही. दोन्ही हातांनी. नाही.

सुचित्रा, आम्ही निघालो होतो. पिशवी भरली होती. नुसतं पाच मिनिटं

अरुणा डोळे उघडे ठेव माझ्याकडे बघ मी डबा टाकला माझा हात धर